सीमाभागातली साखर

बेळगावात वाढलेल्या माणसाला ‘सीमाभाग’ हा शब्द बाळकडूबरोबरच पाजलेला असतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा माझी मुलगी बालवाडीत जात होती. आता ती बंगळुरात नोकरी करते आणि आम्ही अजून सीमाभागातच आहोत. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात रक्ताचा अहवाल पाहून डॉक्टर ‘बॉर्डरलाईन’ असे म्हणाले, तेव्हा धक्का बसण्याऐवजी कोणीतरी गाववाला भेटल्यासारखे वाटले. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ५.७ च्या खाली असेल तर माणूस निरोगी आणि ६.५ ला टेकली की मधुमेही. माझी ६.३ होती, म्हणजे इकडेही नाही आणि तिकडेही नाही.

डॉक्टर मोठे सज्जन गृहस्थ. त्यांनी चष्मा काढून शांतपणे सांगितले, “अन्न कम्मी माड्री, दिना वाकिंग माड्री.” आता कन्नडमध्ये अन्न म्हणजे शिजवलेला भात, आणि मराठीत अन्न म्हणजे पानात पडेल ते सगळे. माझ्या पुढच्या सर्व हालअपेष्टांचे मूळ या दोन अक्षरांत आहे. मी त्यांचा काटेकोर कन्नड अर्थ घेतला. भात कमी करायचा हे मान्य, परंतु कुंदा दूध आटवून करतात, त्यात तांदळाचा कणही नसतो, तेव्हा कुंद्याविषयी डॉक्टरांनी अवाक्षर काढलेले नाही, असे माझे प्रामाणिक मत होते. मराठी शाळेत शिकवणाऱ्या माझ्या पत्नीने मात्र शब्दाचा व्यापक मराठी अर्थ लावला आणि त्याच संध्याकाळी फ्रीजमधला कुंद्याचा डबा शेजारी गेला. आईनेही मराठी अर्थच घेतला, पण तो डॉक्टरांवर उलटवण्यासाठी. “अन्न कमी कर म्हणणारा कसला मेला डॉक्टर? अन्न हे पूर्णब्रह्म आहे की!” शनिवारच्या बाजारात पन्नास वर्षे कन्नडमधून घासाघीस करणाऱ्या बाईला ‘अन्न’ म्हणजे काय ते ठाऊक नसेल, यावर माझा आजही विश्वास नाही.

पत्नीने त्यानंतर साध्या राहणीची घोषणा केली. १९२४ च्या डिसेंबरात आमच्याच टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले होते आणि गांधीजींनी अध्यक्षपद स्वीकारलेले ते एकमेव अधिवेशन, ही गोष्ट ती वर्गात दर वर्षी सांगते. आता ती मला प्रत्येक भाकरीबरोबर ऐकावी लागू लागली. माझी अडचण एवढीच होती की गांधीजींच्या दिमतीला गंगाधरराव देशपांड्यांसारखा यजमान होता, पाण्याची सोय म्हणून नवी विहीर खोदलेली होती, आणि माझ्या साधेपणाची सगळी उस्तवार मलाच करायची होती. नाचणी चंदगडच्या मावशीकडून आणायची, तिच्यातले खडे निवडायचे, गिरणीवाल्याला सवड होईपर्यंत पिशवी धरून उभे राहायचे. तेल घाण्याचे हवे, आणि घाणा घराच्या नेमका उलट्या दिशेला. माळ्यावरचा पाटा खाली उतरला. मिक्सरमध्ये दोन मिनिटांत होणारी चटणी पाट्यावर पंचवीस मिनिटे घेते आणि ती मीच वाटायची असते, कारण त्याने म्हणे खांदे मोकळे होतात. चैनीत राहत होतो तेव्हा मला रोज निवांत वर्तमानपत्र तरी वाचायला मिळत असे.

चालण्याचे प्रकरण याहून बिकट निघाले. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण तो नळाला पाणी येण्याच्या दिवशी कसा करावा, याबाबत ती गप्प आहे. राकसकोप जलाशय काठोकाठ भरलेला असो वा नसो, आमच्या गल्लीतले पाणी स्वतःच्या सवडीने येते, आणि ती सवड त्याला नेमकी मी बुटाची नाडी बांधत असताना होते. मग बुटांसकट मोटर लावायची, टाकी भरायची, पिंप भरायचे, आईच्या समाधानासाठी दोन कळश्या वेगळ्या भरायच्या, आणि “अहो, धार बारीक झाली” अशी हाक आली की पुन्हा जिना चढायचा. मुलीने वाढदिवसाला पाठवलेले पावले मोजणारे घड्याळ त्या वेळी चार्जिंगला लावलेले असल्यामुळे ही सगळी मेहनत हिशेबात धरली जात नाही. मी हिशेबनीस आहे. नोंद न झालेल्या खर्चाचे दुःख मला इतरांपेक्षा अधिक होते.

पाणी नसलेल्या दिवशी मी व्हॅक्सीन डेपोच्या झाडीत जातो. जिथे एकेकाळी देवीची लस तयार होत असे, तिथे आता पहाटे साखरवाल्यांचा मेळा भरतो. पहिल्या फेरीत सगळे एकमेकांना आपापले आकडे सांगतात, दुसऱ्या फेरीत मेथीच्या पाण्याचे गुण, आणि तिसऱ्या फेरीत वडगावच्या बासमतीचा भात पूर्वी कसा घमघमत असे, याच्या आठवणी निघतात. त्यानंतर घरी पोहोचेपर्यंत मला जी भूक लागते ती नाचणीच्या दीड भाकरीने शमणारी नसते.

उद्यमबागेतल्या कारखान्यात पोहोचलो की उरलेला दिवस खुर्चीत. महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची मुदत, जवळ आली की पाणी प्यायलाही उठणे होत नाही. उठलो तर कोणाचा तरी मुलगा पास झालेला असतो आणि टेबलावर कुंद्याचा डबा उघडलेला असतो. तेथे मी कन्नड अर्थाला चिकटून राहतो.

तीन महिन्यांनी खानापूरला भाच्याचे लग्न निघाले. इतर मराठी मुलूख मांडे मनात खातो. आम्ही बेळगावकडचे लोक ते पानात वाढून घेतो, आणि माझ्या पानात तर तो रुमालासारखा घडी घातलेला, साखरेने भरलेला, कडेला खरपूस झालेला मांडा येऊन पडला होता. पत्नीने पंगतीच्या समोरच्या बाजूने केवळ भुवई उंचावली. मी हात आवरता घेतला. तेवढ्यात शेजारी बसलेली आई, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला म्हणाली, “डॉक्टरांनी अन्न कम्मी माड्री म्हटलंय. अन्न म्हणजे भात. हा मांडा गव्हाचा आहे की!”

पत्नी निरुत्तर झाली. मी घडी मोडली आणि त्याच क्षणी मनगटावरचे घड्याळ थरथरले. फार वेळ बसून झाले आहे, आता उठून थोडे चालावे, अशी त्याची सूचना होती. मी ती तत्काळ पाळली, कारण तुपाची वाटी पंगतीच्या पार दुसऱ्या टोकाला होती.