लोणच्याच्या बरणीतली लघवी

कुत्र्यामांजरांच्या लघवीचा नमुना आमच्याकडे तपासायला येतो तो असा: झाकणाच्या आट्यांत मोहरीची डाळ अडकलेली, वर तेलाचा तवंग, खाली पिवळं पाणी डुचमळतंय. "धुतलीये हो बरणी!" धुतली असेल. तेल गेलेलं नाही. त्याचे थेंब मायक्रोस्कोपखाली गोल आणि चकचकीत दिसतात, आणि घाईतल्या माणसाला हमखास लाल पेशी वाटतात. मांजरांच्या लघवीत मुळातच चरबीचे थेंब पुष्कळ, त्यात ही लोणच्याची भर. लाल पेशी साधारण एका मापाच्या असतात. थेंब लहानमोठे असतात आणि कव्हरस्लिपला खालून चिकटून तरंगतात, म्हणून फोकस जरा वर नेला की फरक कळतो. पण कैरीचं तेल ओळखत बसणं हे आमचं काम आहे का? बरणी ब्लीचने धुतली असेल तर आणखी मजा: लघवीत बुडवायच्या तपासणी-पट्टीवरचे रक्ताचे आणि साखरेचे चौकोन खोटेच रंगतात. निर्जंतुक डबी कुठल्याही मेडिकलमध्ये वडापावच्या पैशात मिळते. कुत्र्याच्या वाढदिवसाला केक आणणाऱ्या घराला ती तेवढी परवडत नाही.

बरं, डबी एकवेळ सोडा. वेळेचं काय? पहाटे सहाला धरलेली लघवी अकरा वाजता येते, तीही मे महिन्यात स्कूटरच्या डिकीतून. त्या पाच तासांत जंतू दामदुप्पट होतात, युरियाचा अमोनिया करतात, पीएच आठच्या वर चढतो. पीएच चढला की पट्टीवर नसलेलं प्रोटीन दिसायला लागतं. कास्ट (मूत्रपिंडाच्या नळ्यांत जमलेले बारीक साचे) विरघळतात, पेशी फुटतात, साखर असलीच तर जंतू ती खाऊन मोकळे होतात. मग मधुमेहाच्या कुत्र्याचा रिपोर्ट साखरेवाचून आणि धडधाकट कुत्र्याचा प्रोटीनसकट. नमुना अर्ध्या तासात तपासायचा. ते जमणार नसेल तर लगेच फ्रीजमध्ये, ४ अंशांना, फार तर २४ तास. आणि फ्रीजमधून काढल्या काढल्या तपासायचा नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. गार लघवीत पट्टीवरची साखरेची क्रिया मंदावते, आणि थंडीमुळे डबीतच स्फटिक तयार होतात. फ्रीजमधल्या नमुन्यात स्ट्रुव्हाइट किंवा ऑक्झलेटचे स्फटिक दिसले की ताजा नमुना घेऊन खात्री करा. ती न करता महागडं खास खाद्य सुरू करणारे बघितले की डोकं फिरतं. ते स्फटिक मूत्राशयात नव्हतेच हो, फ्रीजमध्ये झालेत!

फरशीवर सांडलेली सिरिंजने ओढून आणलेली लघवी ही तर वेगळीच जात. तिच्यात केस, माती, परागकण, फिनाईल आणि गच्चीवरची बुरशी एवढं सगळं असतं. घरी धरायचीच असेल तर सकाळची पहिली, कुत्र्याला पट्ट्यावर ठेवून, लांब दांड्याच्या स्वच्छ पळीत, आणि सुरुवातीची धार सोडून मधली धरायची. मांजराच्या ट्रेमधली नेहमीची वाळू काढून पाणी न शोषणारे प्लास्टिकचे मणी टाकायचे, नाहीतर ट्रे धुऊन कोरडा रिकामाच ठेवायचा.

आणि बोका दोन दिवस ट्रेत नुसता जोर करतोय, थेंबही येत नाही, तर "नमुना मिळाला की येतो" म्हणून घरी थांबायचं नसतं. तो तुंबलाय. पोटात मूत्राशय मोसंबीसारखं टणक लागतं, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबतं. त्याला डबी नको, दवाखाना हवा, त्याच तासाला.

आता आपल्याच लोकांकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांकडे वळतो, कारण मालकांना निदान कुणी शिकवलेलं नसतं. कल्चर (जंतू वाढवून ओळखणं) करायचं तर नमुना सुईने थेट मूत्राशयातून घ्यायचा: २२ गेजची सुई, ५ किंवा १० मिलीची सिरिंज, शक्यतो सोनोग्राफीवर बघत, आणि सुई बाहेर काढण्याआधी दट्ट्याची ओढ सोडून द्यायची. गोचीड तापाने प्लेटलेट आपटलेल्या कुत्र्यात किंवा मूत्राशयात गाठीचा संशय असताना सुई घालायची नाही. हे सगळ्यांना पाठ असतं. तरी कल्चरला येते ती फरशीवरचीच, आणि चार प्रकारचे जंतू उगवले की फोन लॅबला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शिवाय नमुना कसा घेतला हे फॉर्मवर लिहायला पेन उचलत नाहीत. सुईने घेतलेल्या नमुन्यात सुईमुळेच थोडं रक्त उतरतं, धरलेल्या नमुन्यात तेवढंच रक्त दिसलं तर अर्थ वेगळा. लॅबवाल्याने ओळखायचं कसं, पत्रिका मांडून?

यापेक्षा मोठा संताप येतो तो माणसांच्या लॅबमधून आलेल्या रिपोर्टचा. कोपऱ्यावरच्या लॅबला डबी पाठवली की संध्याकाळी छापील कागद हजर: पस सेल्स २-३, एपिथेलियल सेल्स १-२, विशिष्ट गुरुत्व (लघवी पाण्याच्या मानाने किती घट्ट) १.०२०. कुत्रा असो, मांजर असो, हाच आकडा. अंदाजपंचे दाहोदरसे! शेजारी नॉर्मल म्हणून माणसाची मर्यादा छापलेली, १.००५ ते १.०३०. आता शरीरातलं पाणी कमी झालेल्या मांजरीची लघवी १.०१५ आली तर कागदावर ती नॉर्मल, आणि प्रत्यक्षात मूत्रपिंडं हात टेकून बसलेली. पाणी कमी पडलं की कुत्र्याने निदान १.०३० आणि मांजराने १.०३५ च्या वर जायलाच हवं. १.००८ ते १.०१२ मध्येच अडकून पडलं तर मूत्रपिंड काहीच करत नाही, रक्तातलं पाणी तसंच खाली सोडतंय. आणि हा आकडा पट्टीवरून वाचायचाच नसतो! पट्टी १.०३० ला संपते, मांजर आरामात १.०५० ला जातं. त्यासाठी हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर आहे. एक थेंब टाका, झाकण लावा, उजेडाकडे धरून बघा. रोज सकाळी डिस्टिल्ड वॉटर टाकून १.००० दाखवतोय का ते बघा, नसेल तर स्क्रू फिरवा. झालं. एक मिनिटाचं काम, पण ते करायला कुणाला फुरसत नाही.

पट्टीचं आणखी. पांढऱ्या पेशींचा चौकोन मांजरात उगाच पॉझिटिव्ह येतो आणि कुत्र्यात पू असून निगेटिव्ह. जंतूंसाठीच्या नायट्राइटच्या चौकोनावर विसंबू नका. बिलिरुबिन (पित्तातला पिवळा रंग) घट्ट लघवीच्या कुत्र्यात, त्यातून नर असेल तर, एक प्लस चालतं. मांजरात जरासं दिसलं तरी कावीळ शोधायला लागा. साखर ३० सेकंदांनी वाचायची, रक्त आणि प्रोटीन ६० सेकंदांनी. पट्टी बुडवून फोनवर बोलून आल्यावर वाचायची नाही. आणि मुंबईच्या जुलैमध्ये पट्ट्यांची बाटली टेबलावर उघडी, आतली ओल शोषणारी पुडी कचऱ्यात! त्या पट्टीपेक्षा नाणं उडवलेलं बरं.

गाळ बघणं तर जवळजवळ बंदच झालंय, आणि सगळं खरं त्या गाळातच असतं. दर वेळी तेवढीच, ५ मिली लघवी, सेंट्रीफ्यूजमध्ये (नळी गरगर फिरवणारं यंत्र) १५०० आरपीएमवर ५ मिनिटं. वेग वाढवला तर कास्ट मोडतात. वरचं ओतून तळाशी अर्धा मिली ठेवायचं, नळीला टिचकी मारून गाळ सोडवायचा, एक थेंब, कव्हरस्लिप, आणि मायक्रोस्कोपचा कंडेन्सर (उजेड गोळा करणारं भिंग) खाली. कंडेन्सर वरच ठेवून भगभगीत उजेडात कास्ट दिसत नाहीत म्हणणाऱ्यांशी काय बोलायचं! आधी १० च्या भिंगावर पूर्ण फिरा, मग ४० च्या भिंगावर मोजा. आणि सेंट्रीफ्यूज थांबला की नळीकडे एकदा डोळ्यांनीच बघा: वरचं पाणी स्वच्छ होऊन तळाशी लाल ठिपका बसला तर रक्त, सगळी नळी लालच राहिली तर हिमोग्लोबिन (फुटलेल्या लाल पेशींतलं) किंवा मायोग्लोबिन (स्नायूंतलं). गोचिडांनी भरलेल्या, फिक्या हिरड्यांच्या कुत्र्यात ही लाल नळी बबेसिया या गोचिडांतून येणाऱ्या रक्तातल्या परजीवीकडे बोट दाखवते. फुकटातली तपासणी आहे, तरी नळी सरळ बेसिनमध्ये उलटी होते. तीही हातमोजे न घालता, पावसाळ्यात, लघवीतूनच पसरणाऱ्या लेप्टोच्या दिवसांत!

गाळ न बघता काय होतं? अँटिबायोटिक. तरुण मांजर, रक्ताळ लघवी, दोन आठवडे एन्रोफ्लॉक्सासिन. तरुण मांजरात जंतुसंसर्ग क्वचितच असतो, आणि त्या औषधाचा डोस किलोला ५ मिलिग्रॅमच्या वर गेला तर मांजर आंधळं होऊ शकतं. लक्षण नसताना नुसते जंतू सापडले तर उपचार करू नका, साध्या सिस्टायटिसला (मूत्राशयाच्या दाहाला) ३ ते ५ दिवस औषध पुरे, हे आयएससीएआयडी या पाळीव प्राण्यांच्या संसर्गरोगांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय. गाळात पू भरलेला असताना यूपीसी (लघवीतल्या प्रोटीनचं क्रिएटिनिनशी प्रमाण) मागवणारेही आहेतच. ०.५ च्या वर आला की कुत्र्याचं मूत्रपिंड गेलं म्हणून मालकाला रडवायचं. ते प्रोटीन पुवाचं आहे, आधी संसर्ग तर निस्तरा.

एवढं सगळं जमवून आलेला, वेळेत, थंड पेटीत, निर्जंतुक डबीतला नमुना हाती लागतो तेव्हा जनावराचं नाव मार्करने झाकणावर लिहिलेलं असतं. फक्त झाकणावर. टेबलावर सहा डब्या, सहा झाकणं उघडलेली, आणि त्यातली तीन "टायगर".