बाटलीला श्वास घेऊ दे

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर चढायचं काम माझं आणि खाली स्टूल धरून हुकूम सोडायचं काम हिचं. यंदा थर्मोकोलचं मखर हलवलं (2018 च्या बंदीपासून ते लावता येत नाही आणि टाकवतही नाही), तर मागे वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वाइनच्या तीन बाटल्या निघाल्या.

पहिली नाशिकची शेनिन ब्लां, म्हणजे पांढरी वाइन, 2006 ची. आमच्या वास्तुशांतीला ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने भर सत्यनारायणात हातात दिलेली. तीर्थाच्या शेजारी कुठे ठेवणार? गेली माळ्यावर. दुसरी फ्रान्समधल्या बोर्दोची लाल, 2003 ची, मेव्हण्याने पॅरिसहून आणलेली. "चांगल्या प्रसंगाला उघडू," असं तेव्हा ठरलं होतं. नंतर मुलीची दहावी झाली, बारावी झाली, लग्नही झालं; पण चांगला प्रसंग म्हटला की घर नातेवाइकांनी भरलेलं, आणि त्यांच्यादेखत बाटली कोण काढणार? तिसरी गोव्याची पोर्ट. तिच्यावर सालच नव्हतं.

मित्रांना कळवलं. ठाणेकर, गिरगावकर आणि डोंबिवलीकर शनिवारी दादरला हजर. यातला ठाणेकर नाशिकला दोनदा वाइनरी बघून आलेला, म्हणून आमचा तज्ज्ञ. आल्याआल्या त्याने विचारलं, "आडव्या ठेवल्या होत्यास ना?"

"उभ्या."

त्याने डोळे मिटले. बाटली आडवी असली की बूच ओलं राहतं. उभी असली की ते सुकतं, आकसतं आणि हवा आत शिरते. शिवाय वाइनला बारा-तेरा अंश तापमान लागतं. आमचा मजला शेवटचा, वर गच्ची, आणि त्या माळ्यावर तिने मुंबईचे अठरा-एकोणीस मे महिने काढलेले. बोर्दोचं तर नशीबच फुटकं. 2003 साली युरोपात उष्णतेची भीषण लाट आली होती. म्हणजे ती द्राक्षं वेलीवर असतानाच भाजून निघाली आणि सुटली म्हणेपर्यंत दादरच्या माळ्यावर पडली.

"तसं घाबरू नकोस," ठाणेकर म्हणाला, "पोर्तुगीजांच्या माडेरा बेटावर वाइन मुद्दाम तापवतात. पूर्वी पिंपं जहाजातून उष्ण कटिबंधात फिरून आली की जास्त चवदार लागायची."

"नावातच मदिरा आहे," गिरगावकर म्हणाला. त्याला एवढंच पुरतं.

शेनिन ब्लां ग्लासात उतरली ती मोरावळ्याच्या पाकाच्या रंगाची. तरुणपणी ती फिकट पिवळी असते म्हणे. मी घोट घेतला आणि तो गिळेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोरून माझं सगळं आयुष्य गेलं. पण बोलणार कोण? यजमानाची बाटली अठरा वर्षांची. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पोहे खारट झाले तर जसे चेहरे होतात, तसे सगळ्यांचे झाले होते. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. ही प्यायला विमा लागला असता. "वेगळी आहे," डोंबिवलीकर म्हणाला आणि त्याने चकलीचं ताट जवळ ओढला.

मग बोर्दो. बूच अर्धं बाहेर आलं, अर्धं भुगा होऊन आत पडलं. गाळणार कशाने? स्वयंपाकघरातून चहाची गाळणी आली. ठाणेकराने ग्लास गोल फिरवला, नाक आत घातलं आणि बराच वेळ बाहेरच काढलं नाही.

"मसाला आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "आलं. मागून किंचित वेलची."

"सकाळचा चहा आहे तो, भावजी," ही दारातून म्हणाली.

"वहिनी, अजून ती उघडली नाहीये, म्हणजे हवा लागून तिचा वास खुलला नाहीये. श्वास घेऊ दे तिला."

आम्ही श्वास घेऊ दिला. अर्धा तास, पाऊण तास. ग्लासाच्या तळाशी काळसर गाळ बसला, वरच्या भागाला आमसुलाच्या साराचा रंग आणि व्हिनेगरचा वास. डोंबिवलीकराला फास्ट लोकल गाठायची होती. त्याने एका दमात ग्लास संपवला आणि पायात चपला सरकवताना खरं बोलून गेला, "अरे, ही मेलीये."

शेवटी पोर्ट उघडली. तिला बूचच नव्हतं, फिरकीचं झाकण होतं. घेतली तेव्हा ती खोकल्याच्या औषधासारखी लागली होती आणि आताही तश्शीच लागली. उरलेल्या तिघांनी ती शेवटच्या थेंबापर्यंत संपवली.

बोर्दो मोरीत ओतताना हिने बाटली माझ्या हातातून काढून घेतली. गडद हिरवी काच, जाड बूड. तिचा डोळा त्या बाटलीवर पहिल्या दिवसापासून होता. आत वाइन होती एवढीच अडचण.

पुढच्या रविवारी ठाणेकराचा फोन आला. "थोडी ठेवली होतीस ना? उघडली का?"

मी खिडकीकडे पाहिलं. हिच्या मनी प्लांटला दोन नवी पानं फुटली होती.

"उघडली," मी म्हटलं.

"बघ! मी म्हणत नव्हतो?"