मान मोडून कट्ट आवाज काढा की डॉक्टर!
परत तेच! काल नवी पेठेतला एक दुकानदार आला, दिवसभर गल्ल्यावर मान खाली घालून मोबाईल बघायचा आणि म्हणतो कसा, एकदा कट्ट करा की, युट्यूबवर करतात तसं. अहो तो आवाज हाड बसल्याचा नसतोय, सांध्यातल्या पाण्यात गॅसचा बुडबुडा होतो त्याचा असतो, किती वेळा सांगू! तासाभरानं उठा, चार पावलं चाला म्हटलं की तोंड वाकडं. मागच्या खिशात हे जाड पाकीट, त्याच्यावरच बसणार, वरून कंबर धरली म्हणून बोंब (पाकीट काढा म्हटलं तर चोरीला जाईल म्हणे). हाताला मुंग्या येतात म्हणून आधी तपासणी सांगितली तर म्हणतो, आमचा कटिंगवाला फुकट मोडतो की मान!