फडात सापडलेले बछडे बेवारस नसतात

शहादा-तळोदा भागात ऊसतोड सुरू झाली की ‘फडात एकटे दिसलेले बिबट्याचे बछडे आईने टाकलेले असतात, माणसाचा हात लागल्यावर मादी त्यांना परत घेत नाही’ असा मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. तो चुकीचा आहे. मादी शिकारीला जाताना पिल्लांना पाचटात लपवून ठेवते व सहसा अंधार पडल्यावर मानगूट धरून दुसरीकडे हलवते. वन विभागाने पिल्ले सापडल्या जागीच क्रेटमध्ये ठेवल्यावर ती येऊन त्यांना घेऊन गेल्याची अनेक उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. मादी बहुधा आसपासच असते, हे पिल्लू मांडीवर घेऊन फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींच्या ध्यानातही येत नाही. तोड थांबवून मजुरांसह मागे सरावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बछडा घरी नेणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.