रेंज बाल्कांवापर्यंत गेलीच पाहिजे

कचेरीत वायफाय घ्यायचं ठरलं ना? मग पहिलं पथ्य : ज्या माणसाने भिंतीभिंतीतून केबल फिरवून दिली आणि कुठला पॉइंट कुठल्या टेबलाचा याची यादी करून ठेवली, त्याला चुकूनही फोन करू नका. तो येईल आणि विचारत बसेल : वायफाय कोणाला हवंय, कशासाठी हवंय, पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं काढू का? सोयरीक जमवतानासुद्धा इतकी चौकशी होत नाही. त्यापेक्षा सरळ बाजारात जा आणि चार अँटेनांचा राउटर आणा. अँटेना जास्त म्हणजे सुरक्षा जास्त, हे दुकानदारही छातीठोकपणे सांगतो.

आता तो नेटवर्क स्विचला, म्हणजे सगळ्या केबली जिथे येतात त्या पेटीला, जोडा. बहुतेक राउटरांच्या मागे एक भोक वेगळ्या रंगाचं असतं आणि बाकीची एकसारखी. एकसारख्यांपैकी कुठल्याही भोकात वायर खुपसा. 'आधी याचं डीएचसीपी, म्हणजे संगणकांना नेटवर्कातले पत्ते वाटणं, बंद करा, याचा पत्ता बदला,' असं कोणी शहाणा म्हणेल. त्याला चहा पाजून वाटेला लावा. कारण खरी गंमत पुढेच आहे. कचेरीत संगणकांना पत्ते वाटणारे आता दोन झाले, एक जुना मोडेम आणि एक हा नवा. ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता संगणक घेतो. सकाळी काउंटरवरच्या बाईंचं नेट चालतं, अकाउंट्सवाल्याचं बंद. जेवून येईपर्यंत नेमकं उलटं. दोघांचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१ असला तर सोन्याहून पिवळं, मग कोणाचंच धड चालत नाही. इंटरनेट कंपनीच्या नावाने बोटं मोडा. दिवस मजेत जातो.

डबा ठेवायचा कुठे? पणजीतल्या जुन्या घरात कचेरी असेल तर चिऱ्याच्या जाड भिंती लहरी अडवतात, आणि पात्रांव, म्हणजे मालक, तर दुपारी बाल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, सोप्यावर फोन घेऊन बसतात. तेव्हा डबा रस्त्याकडच्या खिडकीत ठेवा आणि ताकद पूर्ण वाढवा. आतल्या खोल्यांसाठी छताला दोन-तीन ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारे छोटे डबे, लावायचे आणि एकेकाची ताकद कमी ठेवायची, हे लाड मोठ्या हॉटेलांना शोभतात. बाल्कांवापर्यंत गेलेली लहर पायऱ्यांवर थांबत नाही, ती पलीकडच्या पायलटांच्या, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाल्यांच्या, स्टँडपर्यंत जाते. पिवळ्या मडगार्डवाल्या मोटरसायकलींवर गिऱ्हाइकाची वाट बघणारे ते बिचारे फार तर एखादा व्हिडिओ बघतील. त्यांच्या शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला तो कोण, हे विचारायला तुम्हाला वेळ कुठला? केबलच्या काळात त्याला दार उघडून, रिसेप्शन ओलांडून तुमच्या टेबलाखाली शिरावं लागलं असतं. तुम्ही त्याची पायपीट वाचवलीत. टॅलीचा सर्व्हर, पगाराच्या फायली, स्कॅनरचं फोल्डर, सगळं एकाच नेटवर्कात आहे, त्यामुळे त्याला शोधाशोधही नाही.

वायफायच्या कुलपाचं म्हणाल तर डब्ल्यूईपी नावाचं निवडा. १९९७ सालचं आहे, २००१ मध्येच ते फुटतं कसं हे जाणकारांनी दाखवून दिलं, म्हणजे अनुभवी म्हणायचं. डब्ल्यूपीए-२ हे नवं कुलूप येऊन २००४ पासून इतकी वर्षं झाली, २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ही आलं. पण कोपऱ्यातला जुना प्रिंटर त्यावर बोलत नाही, आणि प्रिंटरचं मन मोडायचं नाही. राउटरवरचं डब्ल्यूपीएसही, म्हणजे पासवर्डाऐवजी पिन टाकून जोडायची सोयही, चालू ठेवा. त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो. दहा कोटींच्या जागी ११ हजार प्रयत्नांत काम होतं. २०११ पासून हे जगजाहीर आहे. तरी मनाला रुखरुख लागलीच तर नेटवर्कचं नाव लपवा. मग तुमचेच फोन जातील तिथे त्या नावाने हाका मारत फिरतील.

पासवर्ड ऑफिसचं नाव आणि पुढे १२३. तो छापून पाण्याच्या फिल्टरवर चिकटवा. प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याचं स्वतःचं लॉगिन द्यायचं आणि तो नोकरी सोडून गेला की तेवढंच बंद करायचं, अशी सोय असते म्हणे; त्याला लॉगिन तपासणारा रेडियस सर्व्हर लागतो. पण माणुसकी म्हणून काही आहे की नाही? तीन वर्षांपूर्वी भांडून गेलेला मुलगा चवथीला गावी आला, कचेरीवरून स्कूटर घेऊन गेला, आणि त्याचा फोन आपोआप जोडला गेला. आपलेपणा याला म्हणतात.

एवढं झाल्यावर कधीतरी हेड ऑफिसचा सुरक्षा ऑडिटर येईल. घाबरू नका. त्याला केबलवाल्याची ती जुनी यादी दाखवा, प्रत्येक पॉइंटला नंबर आहे, तो खूश होईल. मग तो खुर्ची ओढून लॅपटॉप उघडेल आणि विचारेल, 'वायफायचा पासवर्ड काय हो?' फिल्टरकडे बोट दाखवा.