निदान नामंजूर म्हणायला तरी जागा हवी

आज सकाळी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका सभागृहात जागतिक व्यापार आणि भारतीय शेती या विषयावरचे व्याख्यान ऐकून आले आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. वक्ते अभ्यासू होते, मुद्देसूद बोलले, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. शेवटी प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उठून एवढेच विचारले की, उसाच्या दरावरून तीन देशांनी आपल्याविरुद्ध जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेत, खटला चालवला, त्यात कोल्हापूर-सांगलीच्या एका तरी ऊस उत्पादकाचे म्हणणे कुठे नोंदले गेले का. त्यावर ते म्हणाले, "मॅडम, आंतरराष्ट्रीय वाटाघाटी म्हणजे तुमच्या साखर कारखान्याची वार्षिक सभा नव्हे." सभागृह हसले आणि मी खाली बसले. हसणाऱ्यांत उसाच्या बिलावर शिकलेली आणि उसाच्या बिलावरच घर बांधलेली कितीतरी माणसे होती, याचे मला त्या वाक्यापेक्षा जास्त वाईट वाटले.

कारखान्याची वार्षिक सभा मी पाहिलेली आहे. मी सातवीत असताना आबा मला सोबत घेऊन गेले होते. सभेच्या आधी काही दिवस अहवाल घरी आला होता आणि आबा रोज संध्याकाळी धार काढून झाली की सोप्यात बसून, कानावरची पेन्सिल काढून, तो पानापानाने वाचत होते. तोडणी-वाहतुकीच्या खर्चाच्या आकड्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या, कारण तो खर्च आमच्या बिलातून कापला जातो आणि गेल्या सालापेक्षा तो इतका का वाढला, हे अहवालात कुठेच लिहिलेले नव्हते. सभेत तो विषय वाचून पूर्ण होण्याआधीच पुढच्या रांगांतून "मंजूर, मंजूर" असा गलका उठला, मागून "नामंजूर" सुरू झाले, ध्वनिक्षेपक बंद पडला की पाडला हे कळले नाही, आणि त्या गोंधळात आबा माणसे बाजूला सारत व्यासपीठापर्यंत गेले. कोणीतरी त्यांचा सदरा मागून ओढला. तरीही ते हलले नाहीत. "माझा प्रश्न आधी लिवून घ्या, मग मंजूर करा न्हाईतर नामंजूर करा," एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आणि शेवटी सचिवांनी तो लिहून घेतला. उत्तर त्या दिवशी मिळाले नाहीच. घरी आलो तेव्हा सदऱ्याची दोन बटणे तुटलेली होती.

वक्त्यांना ही सभा हास्यास्पद वाटते, मला ती तशी वाटत नाही. पुढच्या वर्षीच्या अहवालात, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे या पहिल्याच विषयाखाली, आबांचे नाव आणि त्यांचा प्रश्न दोन ओळींत छापून आला होता. तो अहवाल आजही आमच्या फडताळात आहे. त्या सभेत दांडगाई होती, पण सभेची नोटीस होती, सभासदांची यादी होती, एका माणसाला एक मत होते आणि विचारलेला प्रश्न कागदावर उतरत होता.

आता जिनिव्हात काय झाले ते पाहा. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रारी केल्या. तिथल्या तंटा समितीने १४ डिसेंबर २०२१ रोजी अहवाल दिला की, २०१४-१५ ते २०१८-१९ या सलग पाच हंगामांत भारताने ऊस उत्पादकांना मर्यादेपेक्षा जास्त आधार दिला. मर्यादा म्हणजे उसाच्या एकूण उत्पादन-मूल्याच्या १० टक्के. आणि आधार म्हणजे काय, तर प्रामुख्याने आपली एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर. जी एफआरपी सरकार फक्त ठरवते आणि जी कारखान्याने द्यायची असते, सरकारी तिजोरीतून नव्हे. भारताच्या वकिलांनी हेच सांगितले. समितीने ते मान्य केले नाही, कारण त्यांच्या नियमांनुसार सरकारने स्वतः खरेदी केली नाही तरी ठरवून दिलेला भाव हा आधारच ठरतो. या नियमांत तुलनेसाठी जी बाहेरची किंमत धरायची असते, ती १९८६ ते १९८८ या वर्षांच्या पायावर गोठवलेली आहे. त्या वर्षांत आबा ऐन पंचविशीत होते. तेव्हापासून आजवर खताच्या पोत्याचा, डिझेलचा आणि तोडणीचा दर कुठून कुठे गेला, हे ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना सांगायला नको.

ज्या पाच हंगामांबद्दल "जास्त आधार मिळाला" असे लिहिले गेले, त्याच हंगामांत आपल्या भागात थकलेल्या एफआरपीसाठी माणसे रस्त्यावर बसली होती. कायद्याप्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायचे असतात आणि ते चौदा दिवस कसे लांबतात, हे मी माझ्या स्वतःच्या घरात पाहिले आहे. कागदावर ठरलेला भाव आणि हातात पडलेला भाव यांतले हे अंतर तिथे मांडण्याचा हक्क ऊस उत्पादकाला नव्हता. माझा राग निकालापेक्षा या गोष्टीचा जास्त आहे.

समितीच्या बैठका नियमानेच बंद दाराआड होतात. दोन्ही बाजूंनी संमती दिली तरच त्या खुल्या होऊ शकतात आणि तसे पहिल्यांदा घडायला २००५ साल उजाडले, तेही युरोप आणि अमेरिका यांच्यातल्या गोमांसाच्या हार्मोन्सच्या तंट्यात. देशांनी दिलेली लेखी निवेदने गोपनीय असतात. अंतिम अहवाल मात्र सर्वांसाठी खुला असतो, इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश या तीन भाषांत. मराठी तर सोडाच, हिंदीतही तो मिळत नाही. तक्रारदारांपैकी ग्वाटेमालाचा शेतकरी तो स्वतःच्या देशाच्या भाषेत वाचू शकतो. आमच्या आबांना मी तो इंग्रजीतून थोडा थोडा समजावून सांगितला तेव्हा त्यांनी पुन्हा कानावरची पेन्सिल काढली, आणि मला कसेतरीच झाले, कारण या आकड्यांखाली रेघा ओढून ते कोणापुढे जाणार होते?

याला उत्तर ठरलेले असते, आजही मिळाले. संघटनेचे १६६ सदस्य आहेत, ते देश आहेत, निर्णय सर्वसहमतीने होतात, भारतासारखा देश एकटाही अडवू शकतो, आणि आपले सरकार आपण निवडून दिलेले आहे, म्हणजे आपले म्हणणे पोचलेच. हे अगदीच खोटे आहे असे मी म्हणत नाही. भारताने अनेकदा ठामपणे अडवलेही आहे, आणि ४ नोव्हेंबर २०१९ रोजी आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून आपण बाहेर राहिलो त्यामागे दूध उत्पादकांचा रेटा होता, हेही मान्य. पण त्या वेळी आपल्याकडच्या म्हशीवाल्या बायकांनी मोर्चे काढले म्हणून कोणाला कळले, अगोदर कोणी येऊन विचारले म्हणून नव्हे. रस्त्यावर उतरल्यावरच ज्याचे ऐकले जाते, त्याला सहभाग मिळाला असे कसे म्हणायचे? सर्वसहमतीचे म्हणाल तर, निवडक देशांच्या प्रतिनिधींना छोट्या खोलीत बसवून आधी ठरवायचे आणि मग सर्वांसमोर ठेवायचे, या ग्रीन रूमच्या पद्धतीवर सिएटलमध्ये १९९९ साली गरीब देशांचे मंत्रीच संतापले होते. पुढच्या रांगांतून "मंजूर, मंजूर" ओरडणे आणि हे यांत फरक एवढाच की तिथे ओरडावे लागत नाही.

आणि आपण निवडून दिलेल्या सरकारबद्दल बोलायचे तर, आपल्या देशात आंतरराष्ट्रीय करार करणे हा केंद्र सरकारचा कार्यकारी अधिकार आहे. करारावर संसदेची मंजुरी घेण्याचे बंधन नाही. मोरोक्कोतल्या मराकेशमध्ये १५ एप्रिल १९९४ रोजी जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून संघटना सुरू झाली. त्या सह्यांना बळ देण्यासाठी संसदेच्या मतदानाची अट नव्हती. त्या करारापायी पेटंट कायदा बदलायची वेळ आली तेव्हा संसदेत जावे लागले, पण तोपर्यंत देश शब्द देऊन बसलेला होता. शेती हा राज्यांचा विषय आणि परदेशी व्यापार केंद्राचा, त्यामुळे विधानसभेतला आपला आमदारही यात केवळ प्रेक्षक. आबांना कारखान्यात निदान सभासद म्हणून मत होते. इथे मत कोणत्या खिडकीवर द्यायचे ते कोणी सांगेल का?

कोणी म्हणेल, जगात असेच चालते. नाही, असेच चालत नाही. अमेरिकेत व्यापार करार अमलात आणायचा तर काँग्रेसने कायदा करावा लागतो, आणि युरोपात युरोपीय संसदेची संमती लागते. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडा आणि युरोपीय संघ यांचा मोठा करार बेल्जियममधल्या वालोनिया नावाच्या एका प्रदेशाच्या संसदेने अडवून धरला, कारण त्यांना त्यांच्या शेतकऱ्यांची आणि गुंतवणूकदारांसाठीच्या खास न्यायाधिकरणांची काळजी होती. त्या प्रदेशाची लोकसंख्या सुमारे छत्तीस लाख. आपल्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार होती. त्यांनी काही दिवस सगळा युरोप थांबवला, लेखी आश्वासने मिळवली आणि मगच संमती दिली. ३० ऑक्टोबरला सह्या झाल्या. कोणाचे आकाश कोसळले नाही. युरोपीय आयोग तर वाटाघाटींतले स्वतःचे प्रस्ताव संकेतस्थळावर ठेवतो. भारताशी कराराच्या वाटाघाटी चालल्या होत्या तेव्हाही त्यांनी ते ठेवले होते. म्हणजे आपल्या शेतीबद्दल युरोप काय मागत होता हे मला युरोपने सांगितले, आणि माझे सरकार काय देऊ करत होते हे मला कोणी सांगितले नाही.

वाटाघाटी करताना हातचे पत्ते झाकून ठेवावे लागतात, हे मी मान्य करते. बैल विकायला गेलेला माणूसही मनातली किंमत आधी सांगत नाही. दुसरी गोष्ट मान्य करणे मला अधिक जड जाते. तंट्यांमध्ये बाहेरच्या संस्थांची निवेदने घेण्याला भारतानेच विरोध केलेला आहे, कारण दार उघडले तर श्रीमंत देशांतल्या पैसेवाल्या संस्था आणि त्यांचे वकील आधी आत शिरतील आणि आपला शेतकरी तिथेही मागेच राहील. ही भीती खरी आहे. पण मग आपल्या घरातले दार उघडायला कोणी अडवले होते? देशाला स्वतःचे निवेदन प्रसिद्ध करायला तिथल्या नियमांची आडकाठी नाही. ते मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत आणून ऊसपट्ट्यांत वाचता आले असते, आम्ही त्यात थकलेल्या बिलांचे कागद जोडले असते. ज्यातून पुढे ही संघटना उभी राहिली त्या डंकेल प्रस्तावाच्या काळात शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्याचे स्वागत केले आणि सीमेपलीकडे कर्नाटकात शेतकरी नेते नंजुंडस्वामींनी त्याला कडाडून विरोध केला. तुम्हाला त्यांपैकी कोणाचेही पटो, दोघांनी तो विषय शेतकऱ्यासमोर त्याच्या भाषेत मांडला होता. ते काम सरकारने कधी केले?

आता लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, म्हणून हेही लिहिते. ब्राझीलमधल्या किंवा ग्वाटेमालातल्या ऊस तोडणाऱ्या बाईलाही कोणी विचारले नसेल. आपण अनुदान देऊन साखर बाहेर पाठवली तेव्हा जगात भाव पडला आणि त्याची झळ तिलाही बसली असेल, त्यांच्या तक्रारीत एवढे तथ्य आहे. तिच्याशी माझे भांडण नाही. तिचा आणि आबांचा दर एकाच खोलीत ठरतो आणि दोघेही त्या खोलीबाहेर आहेत.

आज हा निकाल लटकलेला आहे. भारताने २०२२ च्या जानेवारीत अपील केले, आणि ज्या अपील मंडळाकडे ते जायला हवे ते अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून बंद पडलेले आहे. सकाळचे वक्ते म्हणाले की यामुळे आपण वाचलो, काळजीचे कारण नाही. न्यायाधीशांची खुर्ची रिकामी आहे म्हणून वाचलो, आमचे म्हणणे कोणी ऐकले म्हणून नव्हे. उद्या ती खुर्ची भरली तर तीच पाने उघडली जातील, आणि त्यांत आबांचा प्रश्न नसेल.

संध्याकाळी मी फडताळातला तो अहवाल काढून पुन्हा पाहिला. पान पिवळे पडले आहे, पण ओळी स्वच्छ वाचता येतात: सभासदाचे नाव, गाव, आणि "तोडणी-वाहतूक खर्चातील वाढीबाबत खुलासा मागितला." तो समोर ठेवूनच मी येत्या ग्रामसभेसाठी एक ठराव लिहायला घेतला आहे. शेतीमालाचा समावेश असलेला कोणताही व्यापार करार सही होण्याआधी मराठीतून प्रसिद्ध करावा, त्यावर हरकती मागवाव्यात, आणि ऊस, दूध व गूळ यांबाबतच्या तंट्यांत सरकारने दिलेली निवेदने जनतेसाठी खुली करावीत, एवढ्याच मागण्या त्यात आहेत. ग्रामसभेचा ठराव दिल्लीवर बंधनकारक नसतो, हे मला कोणी समजावून सांगू नये. तो नोंदवहीत लिहिला जातो आणि त्याची प्रत पुढे पाठवता येते. करवीर, कागल, शिरोळ, हातकणंगले, कुठल्याही तालुक्यातल्या मित्रमैत्रिणींना आपापल्या गावात तो मांडायचा असेल तर सांगावे, मसुदा रविवारपर्यंत पुरा होईल. आबांनी तो एकदा पेन्सिल घेऊन वाचायचे कबूल केले आहे.