दारू सुटली, गोळ्या सुटल्या, आणि ते परत आलं

पोस्ट लांबली आहे. वाचून झाल्यावर कृपया अभिनंदन करू नका. अभिनंदनानेच माझा घोळ वाढला होता, ते पुढे येईलच.

दारू सोडून पावणेदोन वर्षं झाली. सोडली तेव्हा एका झटक्यात ठरवलं, आता सगळं बंद. सगळं म्हणजे दारू, आणि पॅनिक अटॅकसाठी चालू असलेल्या दोन गोळ्याही. एक रोजची पॅरोक्सेटिन. दुसरी क्लोनाझेपाम, 'फारच त्रास झाला तर घ्या' म्हणून दिलेली आणि मला रोजच फारच त्रास होत असल्यामुळे रोज घेतली जाणारी. चारचौघांत सांगितलं तेव्हा पाठ थोपटली गेली. गंमत म्हणजे दारूपेक्षा गोळ्या सोडल्याचं कौतुक जास्त झालं. 'बरं केलंस, सवय लागते त्या गोळ्यांची.' 'मन खंबीर असलं की औषध लागतं कशाला?' मलाही ते ऐकायला आवडलं, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांना विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या, आणि ते ऐकायचं नव्हतं.

पहिला आठवडा हात थरथरण्यात, घाम पुसण्यात आणि छताकडे बघण्यात गेला. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका बसायचा. तो पॅरोक्सेटिनचा होता हे नंतर कळलं. ती शरीरातून लवकर निघून जाते, त्यामुळे एकदम थांबवली की जास्त छळते. मी मात्र या सगळ्याला 'शुद्धीकरण' समजून मिरवत होतो. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मला फिट आली नाही, हे माझं निव्वळ नशीब. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतरच्या दोनेक दिवसांत भ्रम होऊन माणूस दगावू शकतो. क्लोनाझेपामच्या जातीच्या गोळ्या अचानक तोडल्या तरी फिटचा धोका असतोच. मी दोन्ही एकाच दिवशी तोडल्या. कोणी असं काही करायच्या बेतात असेल तर आधी डॉक्टरकडे जा. बाकीची पोस्ट नंतर वाचली तरी चालेल.

मग अटॅक आले. दुसऱ्या आठवड्यात पहाटे तीनला झोपेतून ताडकन उठून बसलो. छातीत घण, हाताच्या बोटांना मुंग्या, ओठ बधिर, आणि खोली आपलीच पण आपली नसल्यासारखी. बायकोचा चेहरा काचेपलीकडून दिसावा तसा. ज्याने हे भोगलंय त्याला वर्णन नको, आणि ज्याने नाही भोगलं त्याला ते कितीही केलं तरी 'टेन्शन' वाटतं.

पूर्वी यावर माझ्याकडे एक उपाय होता. संध्याकाळी दोन पेग. मी स्वतःला सांगायचो की मला भीती वाटते म्हणून मी पितो. त्यात तथ्य होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं डॉक्टरांनी नंतर समजावलं. दारू आणि क्लोनाझेपाम, दोन्ही मेंदूतल्या गाबा नावाच्या शांत करणाऱ्या यंत्रणेला जोर देतात. मेंदू मोठा हिशेबी. बाहेरून रोज इतकी शांतता येतेय म्हटल्यावर तो घरची शांतता कमी करतो, आणि ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाचा गलबला वाढवून तोल सांभाळतो. रात्रीची दारू उतरली की सकाळी नुसता गलबला उरतो. म्हणजे माझ्या सकाळच्या कितीतरी अटॅकांची सोय मी आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने करून ठेवत होतो, आणि पुढच्या संध्याकाळी त्यावरच औषध म्हणून पीत होतो. हे समजल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

दोनेक महिन्यांनी जरा बरं वाटायला लागलं. झोप आली, हात स्थिर झाले. म्हटलं, सुटलो. आणि चौथ्या महिन्यात पुन्हा सुरू. यावेळी जास्त चिवट.

इथे मी मोडलो. दारू नाही, गोळी नाही, सगळं 'स्वच्छ', मग आता हे कुठून आलं? मनात सारखं एकच, एक पेग घे, वीस मिनिटांत थांबेल. ते थांबलंही असतं, हीच तर त्यातली मेख. पेग घेतला नाही. ताईला फोन केला. ती उपदेश न करता म्हणाली, "उद्याची अपॉइंटमेंट घे, मी येते बरोबर."

डॉक्टर रागावल्या नाहीत, त्यांनी तारखा विचारल्या. काय कधी थांबवलं, काय कधी सुरू झालं. सुरुवातीच्या दिवसांतला त्रास हा दारू आणि गोळ्या तुटल्याचा, आणि चौथ्या महिन्यातला हा मूळचा आजार परत आल्याचा, असं त्यांनी वेगळं करून दाखवलं. म्हणाल्या, "पॅनिक तुम्हाला दारूच्या आधीपासून होतं ना? मग दारूबरोबर ते जाईल असं का वाटलं तुम्हाला?" उत्तर नव्हतं. मला वाटलं होतं, मी एवढा मोठा त्याग केलाय तर काहीतरी बक्षीस मिळेल.

माझं म्हणणं एवढंच आहे. दारू सोडणं आणि औषध सोडणं या दोन गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकाच टाळीत बसवतो. 'व्यसनमुक्त' हा शब्द इतका चमकदार आहे की त्याच्या उजेडात रोजची साधी गोळीही बाटलीसारखी दिसायला लागते. रक्तदाबाची गोळी बंद केली म्हणून कोणी कोणाची पाठ थोपटत नाही. क्लोनाझेपामची गोष्ट वेगळी, तिची सवय खरोखर लागते. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या जातीच्या सगळ्या गोळ्यांवर त्याबद्दलचा सर्वात कडक इशारा छापायला लावला. पण तीसुद्धा सोडायची ती पायरी पायरीने, आठवडे आणि महिने घेऊन. पॅरोक्सेटिनसारख्या रोजच्या गोळीची मात्र तल्लफ येत नाही. डॉक्टरांनी तसलीच एक गोळी लहान डोसने पुन्हा सुरू केली. पहिले दहा-बारा दिवस अस्वस्थपणा वाढला, तसं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. फरक पडायला महिना-दीड महिना लागला. क्लोनाझेपाम दिली नाही.

आणि थेरपिस्टकडे पाठवलं. हा भाग मी कितीही लिहू शकतो.

पहिल्या काही भेटींतच बाई म्हणाल्या, "आज आपण अटॅक आणायचा." म्हणजे खुर्चीत बसून एक मिनिट जोरजोरात श्वास घ्यायचा. मला वाटलं ही बाई जीव घेणार माझा. चाळीस सेकंदांत मुंग्या, गरगर, ओठ बधिर, सगळी ओळखीची मंडळी हजर. थांबल्यावर त्यांनी विचारलं, "हार्ट अटॅक श्वासाने आणता येतो का हो?" जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या आणि चक्कर त्यातून येते. माझ्या मृत्यूची चिन्हं म्हणून मी वर्षानुवर्षं ज्यांना घाबरत होतो ती मला एका मिनिटात, फुकट, तयार करता येत होती. पुढे नळीतून श्वास घेणं, फिरत्या खुर्चीत गरगर फिरणं, जागच्या जागी धावणं. (हृदयविकार, फिट, दमा असलेल्यांनी हे घरी करून बघू नये. माझा ईसीजी आणि थायरॉइड आधी तपासून झाले होते.)

यामागचा विचार डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये मांडला. छाती धडधडते, आपण म्हणतो 'मेलो', त्या भीतीने ती आणखी धडधडते. धडधड थांबवण्याची गरज नाही, 'मेलो'चं काय ते बघायचं. आणि हृदयाचाच दोष असणार अशी शंका येणारे आपण पहिले नाही. १८७१ मध्ये जेकब डा कोस्टा या अमेरिकन डॉक्टरने यादवी युद्धातल्या सैनिकांची अशीच धडधड नोंदवून तिला 'चिडखोर हृदय' म्हटलं होतं. पॅनिकला स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकन निदानपुस्तिकेत जागा मिळाली १९८० साली. तेवढं मोठं अंतर मी माझ्यापुरतं सहा ईसीजींत कापलं.

एक कबुली राहिली. क्लोनाझेपामची एक गोळी माझ्या पाकिटात होती. घेत नव्हतो, नुसती होती. बाईंना फार अभिमानाने सांगितलं, पाच महिने शिवलो नाही. त्या म्हणाल्या, "ती पाकिटात बसूनच काम करतेय." खरं होतं. पाकीट विसरलो तर अर्ध्या वाटेतून परत यायचो. पाण्याची बाटली, दाराजवळची खुर्ची, 'खोल श्वास घे' म्हणून स्वतःला दिलेली आज्ञा, सगळ्या त्याच गोळीच्या बहिणी. काढून बघितली तर तिचा चुरा झाला होता. म्हणजे कित्येक दिवस मी पावडरच्या भरवशावर फिरत होतो. टाकून दिली. त्यानंतरचे दोन आठवडे वाईट गेले.

अटॅक अजून येतात. महिन्यात एखादा. साधारण दहा मिनिटांच्या आत ते शिखर गाठतात आणि उतरायला लागतात. हे माहीत असलं म्हणून त्या दहा मिनिटांत ते खरं वाटत नाही.

केस कापायला मी जवळजवळ वर्षभर गेलो नव्हतो. पूर्वी पिऊन जायचो, मग गोळी घेऊन, मग बायको घरी कापायची, आणि त्याबद्दल मी काही बोलणार नाही. गेल्या मंगळवारी गेलो. गळ्याभोवती कापड आवळलं, डावी बाजू कापून झाली आणि ते आलं. पळावं तर अर्ध्या डोक्याने पळावं लागणार. वेळ बघावी म्हटलं तर भिंतीवरचं घड्याळ आरशात उलटं दिसत होतं. मी त्या उलट्या काट्याकडे बघत, कापडाखाली गुडघे हलू देत बसून राहिलो. श्वासाला काही सांगितलं नाही. आरशातला माणूस पांढराफटक आणि बराच विनोदी दिसत होता.

काही वेळाने कात्री थांबली. "बाजूने अजून बारीक करू का?"

तोंड कोरडं पडलं होतं. म्हटलं, "करा."